वाटेत लागलेलं स्ट्रॉबेरीचं शेत : एका प्रवासी कुटुंबाचं प्रकरण

हे प्रकरण एका बादलीचं आणि एका पसरट डब्याचं आहे. दोन्ही एकाच शेतात, एकाच सकाळी, एकाच कुटुंबाने भरली. रात्री मुक्कामाला पोचेपर्यंत डब्यातली स्ट्रॉबेरी जवळपास जशीच्या तशी होती आणि बादलीच्या तळाशी लाल पाणी साचलं होतं. शेत तेच, ऊन तेच, गाडीही तीच. मग फरक कुठे पडला, ते नीट मांडावंसं वाटलं. ‘स्वतः तोडा आणि घेऊन जा’ अशा शेतावर प्रवासात थांबणारे बरेच जण बादलीच्याच वाटेने जातात, आणि मग म्हणतात, स्ट्रॉबेरी काही टिकत नाही बुवा.

माणसं पाच. आजी, त्यांचा मुलगा आणि सून, अकरा वर्षांची नात, चार वर्षांचा नातू. सहावी मी, सुनेची मैत्रीण. फळांची काढणी आणि साठवण हे माझं कामाचं क्षेत्र, त्यामुळे शेतावर जायचं ठरल्यापासून माझं लक्ष तिकडेच होतं. भाड्याची गाडी घेऊन फिरणं चाललं होतं. त्या दिवसाची आखणी अशी होती : सकाळी निघायचं, वाटेत एक जुना किल्ला पाहायचा, जेवायचं, दुपारी दोनच्या सुमारास तासभर शेत, मग चार तास गाडी चालवून रात्रीचं हॉटेल. दुसरा दिवस तिथेच फिरायचं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी विमानाने दुसऱ्या देशात. खुडलेली फळं त्या दोन रात्रींत कुठे राहणार आणि कोण खाणार, हा विचार या आखणीत कुठेच नव्हता. साहजिक आहे. शेत हा ‘बघण्याचा’ थांबा म्हणून धरलेला होता, फळांचा हिशेब कोणी केला नव्हता.

आदल्या संध्याकाळचा फोन

सुनेने आदल्या संध्याकाळी शेतावर फोन केला, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय. अशा शेतांच्या वेळा पाटीवर किंवा नकाशावर लिहिलेल्या असतात, पण त्या वेळी फळ असेलच असं नाही. एकाच रोपावर एकाच वेळी फूल, हिरवं फळ, पांढरं फळ आणि लाल फळ असतं. फूल उमलल्यापासून फळ लाल व्हायला साधारण महिना लागतो, हवा गार असेल तर आणखी काही दिवस. हंगामात दर दोन-तीन दिवसांनी नवी फळं तयार होतात. शनिवार-रविवारी गर्दी होऊन गेली की सोमवारी ओळीच्या ओळी रिकाम्या असतात. शेतकरी मग फाटक लावून घेतो आणि दोन दिवसांनी उघडतो. पावसाने भिजलेल्या फळांचंही तेच. ओलं फळ तोडलं की ते सडायच्या वाटेला लागलेलंच असतं.

फोनवर तिने चारच गोष्टी विचारल्या. उद्या शेत उघडं आहे का, किती वाजता यावं, भांडी तुमची की आमची, आणि खाली बसायला त्रास होणाऱ्या माणसाला तोडता येईल का. शेतावरच्या बाईंनी सांगितलं, परवा पाऊस झालाय, आज ऊन आहे, उद्या सकाळी आठला या. दुपारनंतर काही उरेल याची खात्री देत नाही. भांडी आमच्याकडे मिळतील, तुमची आणली तरी चालतील. वाफे जमिनीलगत आहेत, पण बसायला छोटं स्टूल देऊ. (कमरेइतक्या उंच मांडवावर लावलेली स्ट्रॉबेरी आता पुष्कळ ठिकाणी असते. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर तशी जागा शोधून जाणं उत्तम.)

त्यामुळे बेत उलटा झाला. आधी शेत, मग किल्ला. आणि इथूनच दुसरा प्रश्न उभा राहिला. दुपारी दोनला तोडलेलं फळ तापलेलं असतं, पण ते थेट मुक्कामाला जातं. सकाळी आठला तोडलेलं फळ गार असतं, पण मग ते दिवसभर गाडीत राहतं. सकाळी तोडणं बरोबरच होतं, फक्त त्यापुढच्या वेळापत्रकाला त्याबरोबर हलवायला हवं होतं. ते तसंच राहिलं.

ओळीत

काट्यावर रिकाम्या भांड्यांचं वजन करून त्यावर चिकटपट्टी लावून दिली गेली. शेतावरच्या मुलाने ओळ नेमून दिली आणि कुठपर्यंत तोडलेलं आहे ते दाखवायला छोटा झेंडा रोवलेला होता. दोन वाफ्यांच्या मधल्या सरीतून चालायचं, वाफ्यावर पाय द्यायचा नाही, एवढं त्याने दोनदा सांगितलं. मातीवर काळा प्लॅस्टिकचा कागद आणि सरीत पेंढा अंथरलेला, म्हणून फळांना चिखल लागलेला नव्हता.

मुलांच्या बाबांनी मोठी बादली घेतली. तिचे पैसे ठरलेले होते, भरा तेवढी. साहजिकच ती भरणं हेच ध्येय झालं, आणि चार वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन एखादी बादली भरणं यासारखा आनंद नाही. तो आनंद मी कमी लेखत नाही. आजींनी मात्र गाडीतून स्वतःचा पसरट डबा आणला, जेमतेम चार बोटं उंचीचा. त्याच्या तळाला त्यांनी जुना सुती रुमाल घातला. त्यांचे पैसे वजनावर होणार होते.

आजींचा हात पाहण्यासारखा होता. पुढून दिसणाऱ्या लाल फळाकडे त्या आधी वळल्याच नाहीत. डाव्या हाताने पानांचा झुबका वर उचलला, आत वाकून पाहिलं. पानाखाली सावलीत टेकलेली, पूर्ण लाल झालेली दोन फळं होती, समोरून जाणाऱ्या कुणालाच न दिसलेली. त्यातलं एक त्यांनी तळहातावर घेतलं, पण पकडलं नाही. ते नुसतं टेकलेलं. मग अंगठा आणि पहिल्या बोटाच्या नखाने फळाच्या वर सेंटिमीटरभर अंतरावर देठ चिमटला आणि किंचित पिळला. टक् असा बारीक आवाज झाला. फळ देठासकट, हिरव्या टोपीसकट तळहातावर उतरलं. दाब पडला तो देठावर, फळावर जरासुद्धा पडला नाही. नातीला त्या म्हणाल्या, “फळाला नाही गं धरायचं, देठाला धर. आणि टोपीखाली बघ, पांढरं दिसलं तर राहू दे.”

टोपीखालचं ते पांढरं म्हणजे फळ अजून तयार नसल्याची खूण. केळं किंवा टोमॅटो तोडल्यावरही पिकत जातो. स्ट्रॉबेरी त्या जातीतली नाही. अर्धवट लाल फळ घरी ठेवलं तर रंग थोडा चढतो, आणि त्यामुळेच माणूस फसतो, पण गोडी जेवढी रोपावर आली तेवढीच राहते. बाजारात मिळणारी स्ट्रॉबेरी आंबट लागते त्याचं एक मोठं कारण हेच. लांबच्या प्रवासासाठी ती थोडी आधी, घट्ट असतानाच तोडावी लागते. शेतावर जाऊन तोडण्यातली खरी कमाई ही, की तुम्ही पूर्ण पिकलेलं फळ घेऊ शकता, जे दुकानापर्यंत कधी पोचूच शकत नाही. पण त्याच पूर्ण पिकलेपणामुळे ते सर्वांत नाजूकही असतं.

नातवाची पद्धत चार वर्षांच्या मुलाची होती. मुठीत धरायचं आणि ओढायचं. टोपी रोपावरच राहायची आणि फळ वरून फाटून यायचं. मधूनच एखादं पांढरं, एखादं हिरवंही बादलीत पडायचं. बाबांनी त्याला थांबवलं नाही, आणि मीही त्यांना थांबवा म्हणाले नसते. मुलांना हातात मावणारं लहान भांडं दिलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच मला वाटतं. ते लवकर भरतं, मूल खूश होतं आणि त्याची फळं त्याच्यापुरती राहतात, तिथल्या तिथे संपतात.

चाखण्याबद्दल शेताचा नियम आधी विचारावा. इथे दोन-चार चाखायला हरकत नव्हती आणि फाटकाजवळ नळ होता. नळाचा उपयोग दोन्ही बाजूंनी करायला हवा : खाण्याआधी फळ धुवायला आणि तोडण्याआधी हात धुवायला. स्ट्रॉबेरीला साल नाही, ती शिजत नाही, आणि एका माणसाच्या अस्वच्छ हाताने बराच माल खराब होऊ शकतो. २०१२ साली जर्मनीत शाळा-पाळणाघरांमधली सुमारे ११ हजार माणसं, बहुतेक मुलं, गोठवलेल्या स्ट्रॉबेरीतून आलेल्या नोरोव्हायरसमुळे आजारी पडली होती. शेवटची फवारणी कधी झाली, हेही विचारायला संकोच वाटू नये. फवारणीनंतर ठरावीक दिवस तोडणी करायची नसते, आणि चांगला शेतकरी या प्रश्नाला सरळ उत्तर देतो.

तासाभरात बादली भरली. सुमारे चार किलो. आजींच्या डब्यात किलोभर, फळं एकावर एक अशी फार तर दोन थर.

गाडीत, किल्ल्याखाली

पुढचे सहा-सात तास या प्रकरणाचा गाभा आहेत.

तोडलेलं फळ जिवंत असतं. ते श्वसन करतं, साखर जाळतं, उष्णता सोडतं. स्ट्रॉबेरीचा हा वेग मुळातच जास्त, आणि तापमानाबरोबर तो भराभर वाढतो. शून्य अंशाला जेवढा असतो त्याच्या साधारण आठ-दहा पट वीस अंशाला. म्हणून व्यापारी शेतात तोडलेला माल तासाभरात प्री-कूलिंगला जातो. थंड हवा क्रेटमधून जोराने ओढून फळाच्या अंगातली उष्णता आधी काढतात, मगच साठवतात. शून्य अंश आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता मिळाली तर चांगली स्ट्रॉबेरी आठवडाभर राहते. बंद गाडी उन्हात उभी असेल तर आतलं तापमान पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच बाहेरच्यापेक्षा दहा-एक अंशांनी वर गेलेलं असतं. किल्ला पाहायला दोन तास लागले, जेवायला एक.

बादली डिकीत होती. आजींनी डबा पायाशी घेतला होता, एसीच्या झोताजवळ, आणि किल्ल्यावर जाताना तो बरोबर नेला. खाली चहाच्या दुकानात, सावलीत, त्या डबा घेऊन बसल्या. गुडघ्यांमुळे त्यांना वर चढायचं नव्हतंच. म्हणजे डब्याचं नशीब काही अंशी योगायोगाचं होतं, हे नोंदवायला हवं. एकाच वेळी भांड्याचा आकार, तोडण्याची पद्धत आणि उष्णता अशा तीन गोष्टी वेगळ्या असताना सगळं श्रेय एकीला देता येणार नाही.

तरी संध्याकाळी बादली उपसली तेव्हा या तिन्ही गोष्टींचा वाटा बऱ्यापैकी वेगळा दिसला. वरची मूठ-दोन मुठी फळं उत्तम होती, म्हणजे नुसत्या उष्णतेने सगळं गेलं असं नव्हतं. मधल्या फळांना शेजारच्या फळाच्या आकाराचे खळगे पडले होते आणि त्या जागी ती मऊ, काळपट झाली होती. स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी, वर पातळशी त्वचा. चार किलोंचा भार तळाच्या थराने सोसला नाही. तळाशी रस होता, आणि त्यात सर्वांत जास्त होती ती टोपी निघालेली फळं. टोपी उपटली की फळाच्या माथ्यावर उघडी जखम राहते, रस तिथून झिरपतो आणि बुरशी तिथून शिरते.

आजींच्या डब्यात चकाकी थोडी उतरली होती, एवढंच. एसीच्या कोरड्या झोताने फळातलं पाणी थोडं ओढलं, त्याचा तो परिणाम. वर ओलसर फडकं टाकलं असतं का, असं सुनेने विचारलं. नको. फळाला ओल लागता कामा नये. झाकण सैल ठेवलं की पुरतं.

इथे इतिहासातली एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. आज आपण खातो ती मोठी स्ट्रॉबेरी प्रवासातूनच जन्माला आली. आमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए हा फ्रेंच लष्करी अभियंता १७१४ साली चिलीहून परतला तेव्हा तिथल्या मोठ्या फळाच्या स्ट्रॉबेरीची पाच रोपं जगवून घेऊन आला. बोटीवर पिण्याच्या पाण्याची टंचाई असताना रोपांना पाणी घालावं लागलं होतं. युरोपात ती रोपं वाढली, पण फळेनात, कारण ती सगळी मादी होती. शेजारी उत्तर अमेरिकेतली व्हर्जिनिया स्ट्रॉबेरी लावल्यावर तिचे परागकण मिळाले, आणि त्या दोघींच्या संकरातून ही आजची जात आली. अंत्वान निकोला द्युशेन याने १७६६ साली हा संकर ओळखून लिहून ठेवला. रोपं महिनोन् महिने समुद्रावरून आली आणि जगली. त्यांच्या वंशातलं फळ डिकीत एक दिवस काढू शकत नाही. रोपाला मूळ असतं, फळाला ते नसतं, एवढाच काय तो फरक.

रात्री

हॉटेलात स्वयंपाकघर नव्हतं, त्यामुळे मऊ झालेल्या फळांचा जॅम करावा ही नेहमीची वाट बंद होती. बाबांना पहिल्यांदा वाटलं की सगळी एकदम धुऊन ठेवावीत. मी तेवढं मात्र थांबवलं. धुतलेल्या स्ट्रॉबेरीच्या टोपीखाली आणि बियांच्या खळग्यांत पाणी राहतं, आणि रात्रीत बुरशी सुरू होते. धुवायची ती खाण्याच्या क्षणी, टोपीसकट, आणि टोपी त्यानंतर काढायची.

फळं टेबलावर कागदी रुमाल पसरून एका थरात मांडली आणि तीन गट केले. फुटलेली, रस सुटलेली लगेच खायला. खळगे पडलेली पण घट्ट, सकाळी न्याहारीला. अखंड, देठ असलेली पुढच्या दिवसासाठी. ज्यांचा तळाशी लगदाच झाला होता ती टाकली, किलोभर तरी. अंबूस वास येणारं फळ ‘नुसतं मऊ आहे’ म्हणून मुलांना देऊ नये.

मग सुनेने एक साधी गोष्ट केली जी मला फार आवडली. खोलीतला छोटा फ्रीज उघडून पाहिला, तो धड गारही नव्हता. असे फ्रीज बाटल्यांपुरते असतात. ती डबा घेऊन खाली गेली आणि हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या मोठ्या फ्रीजमध्ये ठेवाल का म्हणून विचारलं. त्यांनी खोलीचा नंबर चिकटवून ठेवून घेतला. विचारल्यावर नाही म्हणणारं हॉटेल कमीच असावं.

दुसऱ्या सकाळी खोलीत राहिलेल्या फळांपैकी काहींवर राखाडी लव दिसली. ही बोट्रायटिस बुरशी. ती पुष्कळदा फुलातच शिरलेली असते, फळ पिकेपर्यंत दबून राहते आणि ऊब, ओल मिळाली की डोकं वर काढते. एका फळावरून चिकटून असलेल्या दुसऱ्यावर ती जाते, म्हणून एका थरात, अंतर ठेवून मांडण्याला इतकं महत्त्व. फ्रीजमधल्या डब्यात एकच फळ डागाळलं होतं, ते काढलं. बाकीची त्या संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी मिळून संपवली, फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवून, कारण गार फळाला वास येत नाही आणि वासाविना स्ट्रॉबेरीची निम्मी चव जाते.

विमानाच्या सकाळी काही शिल्लक नव्हतं, आणि ते बरंच झालं. नात तोपर्यंत विचारत होती की चार-पाच तरी मैत्रिणीसाठी नेऊ या का. ताजी फळं बहुतेक देशांच्या सीमेवर अडवली जातात किंवा जाहीर करावी लागतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तर बॅगेत विसरलेल्या एका फळासाठीही दंड होतो. कारण खरं आहे : एका फळातून कीड किंवा रोग नव्या प्रदेशात जाऊ शकतो. आजीने तिला हे समजावून सांगितलं तेव्हा ती नाराज झाली, पण तिला पटलं.

हिशेब आणि दुसरी शक्यता

एक मध्यम फळ साधारण १२ ग्रॅमचं. एका बसणीला माणूस आवडीने दहा-बारा खातो, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या आत. आम्हा सहा जणांत, नातवासकट, एका वेळी किलोभरही संपत नाही. दोन रात्री, स्वयंपाकघर नाही, पुढे सीमा. या परिस्थितीत दोन किलो हे पुरेपूर माप होतं. बादलीचे पैसे ठरलेले असल्यामुळे ती ‘स्वस्त’ वाटली, पण तिच्यातलं जेमतेम अर्धं पोटात गेलं. वजनावर घेतलेल्या किलोभरातलं जवळपास सगळं खाल्लं गेलं. टाकून दिलेली फळं शेतात दुसऱ्या कोणाला तरी मिळाली असती, याचंही मला वाईट वाटतं. वर्षभर राबून कोणीतरी ती पिकवलेली असतात.

काही ठिकाणी हा प्रश्न मुळातूनच सोडवलेला आहे. जपानमध्ये हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत हरितगृहांत स्ट्रॉबेरी तोडायला जातात. ठरावीक रक्कम भरायची, पुष्कळ ठिकाणी अर्धा तास, आणि हवी तेवढी तिथेच खायची. घरी न्यायचा प्रश्नच येत नाही. पुढे लांबचा प्रवास असणाऱ्यांना मला हीच पद्धत सर्वांत सोयीची वाटते. हंगाम मात्र प्रत्येक ठिकाणचा वेगळा, तो पाहूनच जावं : फ्लोरिडात जानेवारी ते मार्चमध्ये शेतं भरलेली असतात, इंग्लंडमधल्या उघड्या शेतांना जून उजाडावा लागतो.

या कुटुंबाच्या प्रवासात आणखी एक जागा होती. त्याच्या तीन दिवस आधी ते सगळे एका भाड्याच्या घरात राहिले होते. गॅस, मोठा फ्रीज, पातेली सगळं होतं, आणि अर्ध्या तासावर असंच एक शेत होतं. ‘ते वाटेत नाही’ म्हणून वगळलं गेलं. तिथे पहिल्याच सकाळी जाऊन आले असते तर फळं तासाभरात फ्रीजमध्ये गेली असती, नातवाची फाटकी-तुटकी फळं दुपारी पातेल्यात साखरेबरोबर शिजली असती, आणि बादली भरायलाही काही हरकत नव्हती. पुढच्या प्रवासात सून आता मुक्कामांच्या यादीत आधी स्वयंपाकघर असलेलं घर शोधते आहे, मग त्याच्या आसपासचं शेत, आणि किल्ले-बिल्ले त्यानंतर. शेतावर फोन करून ती एक पाचवा प्रश्नही विचारणार आहे : तुमच्याकडे पसरट ट्रे मिळतात का?